शिलाईत गेलेली ओळ

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बुकबाइंडिंग, राहणार कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे गुडघे आणि डावा डोळा कामातून गेले आहेत, डोके गेलेले नाही. तसे डॉक्टरांनी लेखी दिले असून तो दाखला सोबत जोडला आहे. तोंडी ते असेही म्हणाले की रक्तदाब बघता रागावणे टाळा. त्यांच्या म्हणण्यातला फक्त लेखी भाग मला मान्य आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही की कोणी फूस लावलेली नाही. फूस लावून माझ्याकडून एखादे चांगले काम करून घ्यायचा प्रयत्न माझ्या बायकोने तीस वर्षे केला. तिला यश आले नाही, आणि आता ती हे वाचायला नाही.

आठ वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ज्यात आम्हा नवरा-बायकोच्या माघारी सगळे पुतण्याच्या नावे होते. ते आजपासून रद्द. त्याची प्रत पुतण्याकडे असल्यास त्याने ती रद्दीत घालावी.

हा मसुदा मी वकीलबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "काका, यातला निम्मा मजकूर कायद्याला लागत नाही." मी म्हणालो, "मला लागतो." जिथे कायद्याचे शब्द हवे होते तिथे त्यांनी ते घातले आहेत. बाकीचे माझे आहेत आणि माझ्या माघारी ते कोणी सौम्य करू नयेत.

कलम १. राहते घर

दुकानावरच्या दोन्ही खोल्या माझ्या थोरल्या बहिणीने तहहयात वापराव्यात. तिच्यानंतर त्या कलम सहामध्ये लिहिलेल्या कामाकडे जातील. बहिणीला हे पसंत नाही. परवाच म्हणाली, "लोकांच्या पोरांवर घर ओवाळून टाकतोस, आणि घरच्या पोराच्या तोंडाला पानं पुसतोस." घरच्या पोराचा हिशेब पुढच्या कलमात आहे, तो तिने चष्मा लावून वाचावा. तिला या खोल्यांतून हलवण्यासाठी कोणी अचानक गोड बोलू लागला, तर ते गोड बोलणे हीच नोटीस समजून वकीलबाईंना ताबडतोब कळवावे.

कलम २. पुतण्या

माझी बायको दवाखान्यात होती त्या आठवड्यात पुतण्या दुकानात आला आणि मोजपट्टीने दुकानाची लांबी-रुंदी घेऊन गेला. मी विचारले तर म्हणाला, "काही नाही काका, नुसतं माहिती म्हणून." मोबाइलचे दुकान टाकायला किती जागा मिळेल याची ती माहिती होती, हे मला बाहेरून कळले. बायको त्याच आठवड्यात गेली. जाताना घाईत तो मोजपट्टी काउंटरवरच विसरला. ती मी नीट सांभाळून ठेवली आहे. सदर मोजपट्टी मी पुतण्यास देतो. या इस्टेटीतून त्याला याहून अधिक काही मिळणार नाही.

त्याची मुलगी दोन वर्षांनी कॉलेजात जाईल. तिचे कधी अडले तर तिने कलम सहामधल्या खोलीत इतरांसारखेच यावे. बापाचा राग तिच्यावर कोणी काढू नये.

कलम ३. हत्यारे

लोखंडी प्रेस, कागद कापायचे मशीन, शिवायची चौकट, तिन्ही टोचे, हाडाची पट्टी आणि सोनेरी अक्षरे उठवायचे खिळे, त्यांच्या लाकडी खणांसह, आमच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या बाईंना द्यावेत. गेली सहा वर्षे दुपारी त्या माझ्याकडे येऊन शिकल्या. त्यांचा टाका माझ्यापेक्षा सरळ आहे. मी तोंडावर कधी म्हणालो नाही, म्हणून इथे लिहितो.

हत्यारांबरोबर एक अट आहे. सुटे कागद पट्टी लावल्याशिवाय शिवायचे नाहीत. गिऱ्हाईक कितीही घाई करो.

ज्याला हा धंदा माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. सुटे कागद शिवायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे प्रत्येक कागदाच्या डाव्या कडेला पातळ पट्टी चिकटवायची आणि दोरा त्या पट्टीतून घालायचा. वेळ लागतो, बोटे खळीने चिकट होतात, पण खंड पुरता उघडतो आणि समासात लिहिलेले अक्षर न अक्षर वाचता येते. दुसरा मार्ग म्हणजे गठ्ठा ठोकून सारखा करायचा, कडेपासून बोटभर आत भोके पाडायची आणि दोरा ओवून आवळून टाकायचा. अर्ध्या तासात खंड तयार. त्यात डावीकडचा बोटभर कागद शिलाईत जातो, आणि तिथे काही लिहिलेले असेल तर तेही जाते. हे मला वयाच्या सोळाव्या वर्षापासून ठाऊक आहे. ठाऊक नव्हते असे मी कोणत्याही कोर्टात म्हणू शकणार नाही.

कलम ४. फिर्याद

वकीलबाईंनी या कलमाला 'पार्श्वभूमी' असे नाव दिले होते. ते मी खोडले आहे.

समोरच्या कॉलेजात 'विद्यार्थी तातडीची मदत निधी' नावाची एक गोष्ट आहे. दर वर्षी प्रत्येक मुलाच्या फीमधून त्यासाठी थोडे पैसे कापून घेतात, म्हणजे निधी मुलांचाच. एखाद्यावर अचानक संकट आले तर त्याला त्यातून मदत मिळावी असा हेतू आहे. पण तातडी राहिली ती नावात. अर्ज करायचा, उत्पन्नाचा दाखला जोडायचा, दोन प्राध्यापकांची शिफारस आणायची, आणि मग वर्षातून दोनदा बसणाऱ्या समितीची वाट बघायची. समिती बसते तोवर मूल कॉलेज सोडून कुठे तरी कामाला लागलेले असते. बैल गेला नि झोपा केला, अशी ही मदत. खिडकीत बसणाऱ्या कारकुनाला मुले 'उद्यासाहेब' म्हणत, कारण त्यांच्या तोंडी तो एकच शब्द होता. आता ते कार्यालयाचे प्रमुख आहेत.

निकाली निघालेले अर्ज दर वर्षी खंड बांधायला माझ्याकडे येत. शिवता शिवता मी ते वाचत असे. एका मुलाने लिहिले होते, वडील वारले, घरी जायला तिकिटाचे पैसे नाहीत. खाली शेरा होता: 'मृत्यूचा दाखला जोडावा.' एकीचा चष्मा फुटला होता आणि परीक्षा चार दिवसांवर होती. शेरा: 'दोन दुकानांची दरपत्रके जोडावीत.' एकाने नुसते लिहिले होते की दोन दिवस जेवलो नाही. त्याला विचारले होते की अर्ज विहित नमुन्यात का नाही. भीक नको पण कुत्रा आवर अशी गत. आणि मी काय करत होतो, तर हे वाचून हसत होतो, आणि चांगले चांगले शेरे समोरच्या झेरॉक्सवाल्याला वाचून दाखवत होतो. हेही या फिर्यादीत धरावे.

बावीस वर्षांपूर्वी कॉलेजात तपासणी समिती यायची होती. उद्यासाहेब स्वतः गठ्ठे घेऊन आले. म्हणाले, "काका, परवा सकाळी सगळे खंड कपाटात दिसले पाहिजेत. टेबलावर कागद दिसला तर माझं काही खरं नाही." टेबलावर होते नव्हते ते सगळे त्यांनी सुतळीने बांधून आणले होते. जुने, नवे, निकाली, अर्धवट, आणि त्याच सकाळी प्राचार्यांच्या टेबलावरून परत आलेलेही. न बघता. मीही न बघता घेतले. दोन दिवसांत नऊ खंड. पट्ट्या लावायला वेळ नव्हता. भोके पाडली, दोरा आवळला, कापडी पाठ चढवली, सोनेरी अक्षरे उठवली. तपासणी समितीने लेखी शाबासकी दिली की अभिलेख अत्यंत सुस्थितीत आहेत.

तेव्हाचे प्राचार्य कागद वाचवणारे गृहस्थ होते. वेगळ्या कागदावर आदेश लिहायचे नाहीत. अर्जाच्याच डाव्या समासात, हिरव्या शाईने, मुंगीएवढ्या अक्षरात लिहायचे.

तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या अभिलेख खोलीत नळ फुटला आणि ओले खंड पुन्हा बांधायला माझ्याकडे आले. त्यातला एक मी उसवला. माझीच शिलाई, ओळखू येते. दोरा ओढून काढला, कागद मोकळा झाला, आणि एका अर्जाच्या डाव्या कडेला, माझ्या भोकांच्या मधून, हिरवी ओळ निघाली. 'मंजूर. आजच द्यावेत. ही मुलगी परीक्षेला बसली पाहिजे.' खाली सही आणि तारीख.

अर्ज रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षातल्या मुलीचा होता. आई दवाखान्यात, घरातले सगळे पैसे तिकडे संपले, एका सत्राची फी आणि वसतिगृहाचे तीन महिने थकले. एवढेच. अर्जावरचे नाव मी पूर्वी वाचलेले होते. ते माझ्याच दुकानातल्या फळीवर, पैशांसाठी अडवून ठेवलेल्या एका रिपोर्टवर होते. त्याच महिन्यात तिने प्रकल्पाचा रिपोर्ट माझ्याकडे बांधायला टाकला होता, दुधातली भेसळ ओळखायच्या साध्या चाचण्यांवर. न्यायला आली तेव्हा पैसे नव्हते. म्हणाली, "काका, पुढच्या आठवड्यात देते, माझा अर्ज गेलाय." मी म्हणालो, "अर्जावर रिपोर्ट मिळत नाही." माझी बायको आतून म्हणाली, "द्या ना तिला. कुठे पळून जातेय?" मी म्हणालो, "हा धंदा आहे, धर्मशाळा नाही." मुलगी गेली ती परत आली नाही. आणि तिचा अर्ज तेव्हा माझ्याच प्रेसमध्ये दाबलेला होता. तिच्यापासून चार हातांवर.

पुढे काय झाले ते मी नंतर जुळवले. ती तीनदा खिडकीवर गेली. पहिल्यांदा उत्तर मिळाले की अर्ज प्रलंबित आहे. दुसऱ्यांदा, उद्या या. तिसऱ्यांदा, अर्ज सापडत नाही, नवीन करा. खंड बांधून झाला होता, कपाटाला कुलूप होते, आणि बांधलेला खंड उघडून बघायचा म्हणजे तपासणीचे काय, या भीतीने उद्यासाहेबांनी कपाटाकडे बोटसुद्धा केले नाही. प्राचार्य त्याच महिनाअखेर निवृत्त झाले. आपण सही केली म्हणजे पैसे पोहोचले, अशा समजुतीत ते गेले.

ती ओळ हातात धरून मी उद्यासाहेबांकडे गेलो. आता त्यांना वेगळी खोली आहे, पंखा आहे, बाहेर बसायला बाक आहे. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "काका, फार जुनं प्रकरण. आता कुणाला काय उपयोग?" मी म्हणालो, "तिला कळवा तरी." ते म्हणाले, "कळवायचं तर कारण द्यावं लागेल. चौकशी लागेल. तुमचंही नाव येईल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "होता तसा परत शिवून टाका."

मला आयुष्यात अनेकदा राग आला आहे. गिऱ्हाइकांचा, भावाचा, पुतण्याचा. ते सगळे त्या दिवशी मला पोरखेळ वाटले. माझ्या हाताने मी एका मुलीचे वर्ष शिवून टाकले होते, आणि हा माणूस मला तेच काम पुन्हा करायला सांगत होता, तेही नेहमीच्या दराने.

कलम ५. कॉलेज

कॉलेजला मी काहीही देत नाही.

मी पैसे ठेवणार आहे अशी कुणकुण लागल्यावर संस्थेचे अध्यक्ष दुकानात आले होते. बसायला खुर्ची दिली तर आधी रुमालाने पुसली. म्हणाले, "तुमच्या नावाने निधी करू. दगडी पाटी लावू. दर वर्षी समारंभ, मोठा चेक, मुलांबरोबर फोटो." मी विचारले, "मुलांना पैसे कधी मिळतील?" म्हणाले, "समारंभातच की." मी विचारले, "आणि अडले समारंभाच्या आधी तर?" ते हसले. त्यांना वाटले मी विनोद केला. ज्या मुलाने अडचण सांगायला आठ दिवस धीर गोळा केला, त्याला व्यासपीठावर चढवून चारशे लोकांपुढे गरीब म्हणून उभे करायचे, आणि वर त्याने आभाराचे भाषण करायचे. असला समारंभ माझ्या पैशातून झाल्यास वकीलबाईंनी दावा लावावा. दाव्याचा खर्च अध्यक्षांकडून वसूल व्हावा अशी माझी इच्छा आहे. वकीलबाई म्हणतात तशी तरतूद नाही. इच्छा आहे एवढे तरी लिहू द्या.

तो हिरव्या शाईचा अर्ज मी खंडातून काढून घेतला आणि उरलेला खंड, पट्ट्या लावून, परत केला. ही चोरी आहे हे मला मान्य आहे. कॉलेजला तक्रार करायची असल्यास मी कुठे भेटेन त्याचा शोध त्यांनी घ्यावा.

कलम ६. मागची खोली

दुकानाचा पुढचा भाग भाड्याने द्यावा. मागची खोली, जिचे दार बोळात उघडते, ती द्यायची नाही. पुढच्या भागाचे भाडे आणि बँकेतल्या माझ्या दोन्ही ठेवी मिळून जे होईल ते या खोलीचे. हे पैसे कॉलेजात शिकणाऱ्या आणि अचानक अडलेल्या मुला-मुलींसाठी आहेत. कोणतेही कॉलेज, कोणतेही वर्ष.

अर्ज नाही. दाखला नाही. शिफारस नाही. समिती तर नाहीच. समिती नेमण्याचा विचार कोणाच्या मनात आल्यास त्याने आधी हे मृत्युपत्र पहिल्यापासून वाचावे.

पैसे त्याच दिवशी द्यायचे. फी, परीक्षेचे शुल्क, खोलीचे भाडे, औषध, चष्मा, घरी जायचे तिकीट, जेवण, यांपैकी कशाहीसाठी. गुण किती पडले हे विचारायचे नाही. मदत करण्याइतका हा हुशार आहे का, असे एका शेऱ्यात मी वाचले आहे. तो शेरा लिहिणाऱ्या प्राध्यापकांना मी ओळखतो आणि त्यांची हुशारी त्यांच्याच पुस्तकाच्या न खपलेल्या प्रती बांधताना मी पाहिली आहे.

बहीण म्हणते, "पोरं लुबाडतील तुला." लुबाडू देत. नऊ जण खोटे बोलून घेऊन गेले तरी मला चालेल. दहावा खरा होता आणि त्याला कागदासाठी परत पाठवले, असे झाले तर चालणार नाही. शिवाय ज्याला खरोखर हवे असते तो सहसा ताकाला जाऊन भांडे लपवतो. दारात उभा राहून पाऊस येईल का, दुकान किती वाजता बंद होते, असले काहीतरी विचारत बसतो. त्याला घाई करू नये. पाणी द्यावे.

परत करायची अट नाही. कोणी आणून दिले तर घ्यावे, पावती द्यावी, डोळ्यांत पाणी आणू नये.

कलम ७. फळी

दुकानात उजव्या हाताच्या वरच्या फळीवर पैसे न दिल्याने मी अडवलेले रिपोर्ट आणि प्रबंध आहेत. एकेचाळीस आहेत. सर्वात जुना पस्तीस वर्षांचा. कोणाकोणाचे काय अडले असेल ते मी आता कोणाला विचारू? ज्यांचे पत्ते सापडतील त्यांना ते पोस्टाने पाठवावेत, खर्च माझा. ज्यांचे सापडणार नाहीत ते तसेच फळीवर ठेवावेत, रद्दीत घालू नयेत. माझी बायको गुपचूप गल्ल्यातून मुलांना पैसे देत असे, आणि पकडली गेली की मी शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका ओरडत असे. ती कधी उलट बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा देत असे. त्या मुलांचे रिपोर्ट या फळीवर नाहीत.

कलम ८. व्यवस्थापक

मागच्या खोलीची व्यवस्था आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणी मी त्या मुलीकडे सोपवतो, जिचा अर्ज मी शिवला. वकीलबाई कायद्याची बाजू बघतील. मुलगी आता मुलगी नाही. दूध डेअरीत काम करते. येणाऱ्या प्रत्येक कॅनमधला नमुना काढून तपासते. चाचणी ती करते, अहवालावर सही दुसरा करतो, कारण पदवी त्याच्याकडे आहे.

मी तिला शोधायला अडीच वर्षे घेतली. शोधायला तीन महिने पुरले, उरलेला वेळ धीर व्हायला लागला. गेल्या वर्षी एका सकाळी डेअरीत गेलो. पांढरा ॲप्रन घालून ती काचेच्या नळ्या धूत होती. मी नाव सांगू लागलो. ती म्हणाली, "ओळखलं. रिपोर्ट अडवणारे."

मी अर्ज पुढे केला. तिने हात पुसले, कागद उजेडात धरला. माझी भोके ओळीच्या मधून गेली आहेत, त्यामुळे वाचायला वेळ लागतो.

"ही सरांची सही?"

"हो."

"तारीख चौदा आहे ना?"

"चौदा."

"वसतिगृह मी पंचवीसला सोडलं." मग हिरव्या ओळीवरून तिने बोट फिरवले. "म्हणजे हो म्हणाले होते."

"त्याच दिवशी."

"मला वाटलं, नाही म्हणाले. मला वाटलं, माझ्यात काही नाही असं त्यांना वाटलं असेल." तिने कागद घडी न घालता टेबलावर ठेवला. "पुढे एकदा बसथांब्यावर भेटले होते. काठी घेऊन उभे होते. मला हाक मारली, नावाने. मी तोंड फिरवलं, काका. बस आली, मी चढले. त्याच वर्षी गेले ते."

मी म्हणालो, "बाई, माझी चूक झाली. घाईत—"

ती म्हणाली, "चूक घाईत झाली असेल. रिपोर्ट तुम्ही सावकाश अडवला होता."

रिपोर्ट मी बरोबर नेला होता तो दिला. तिने उघडूनही बघितला नाही, नळ्यांच्या शेजारी ठेवला. मागच्या खोलीचे सांगितले तर म्हणाली, "मला जमायचं नाही. तुमचं मन हलकं करायला मी कशाला येऊ?" तिचे बरोबर होते. मी घरी आलो.

आठ दिवसांनी पाळी संपवून ती आपणहून आली. मी मागच्या खोलीत सगळे नीट लावून ठेवले होते: टेबल, कपाट, आणि मध्ये पैसे द्यायला खाली फट ठेवलेली काचेची खिडकी. ती खिडकीसमोर उभी राहिली आणि तिचा चेहरा बदलला. "ही काढा आधी. खिडकीबाहेर उभं राहून मागितलंय मी. आत बसलेल्याचा फक्त शर्ट दिसतो." इतका खालमानेने मी कोणाचा हुकूम पाळलेला नाही. खिडकी त्याच दुपारी काढली.

मग तिने अटी सांगितल्या, आणि त्या या मृत्युपत्राचा भाग आहेत. एक, ती फुकट बसणार नाही. पगार घेईल, महिन्याच्या महिन्याला, आणि पगाराबद्दल तिचे कोणी आभार मानायचे नाहीत. दोन, तिची पाळी अकराला संपते, त्यामुळे खोली बारा ते पाच उघडी राहील, आणि परीक्षेच्या दिवसांत सुट्टी असणार नाही. हिरव्या शाईचा अर्ज तिच्याकडेच राहील. तो तिने चौकट करून लावावा असे मी सुचवले होते. ती म्हणाली, "भिंतीवर नको. मुलांना वाटेल अर्ज लागतो."

शेवटची अट तिने मला समोर बसवून लिहायला लावली, तिच्याच शब्दांत. ती अशी: "कुणीही आत आलं आणि अडचणीचं बोलायला लागलं, की आधी हो म्हणायचं. किती, कशाला, कधीपर्यंत, ते सगळं नंतर. आधी हो. आणि ते त्याला त्याच्या कानांनी ऐकू गेलं पाहिजे."

मी विचारले, "आणि एखाद्या दिवशी पेटीत पैसेच नसले तर?"

ती म्हणाली, "तर त्या दिवशी पैसे मिळाले नाहीत, असं होईल. नाही म्हणाले, असं होणार नाही."

वरील कलम आठ हे मुख्य समजावे. इतर कोणतेही कलम त्याच्या आड आल्यास ते कलम रद्द धरावे, माझी कलमे धरून.

हे सर्व मी वाचून, समजून, राग कायम ठेवून लिहिले आहे.

सही: बाइंडर, मागच्या फाटकासमोरचा

साक्षीदार पहिले: डॉक्टर. (दाखला देणारे. सही करताना त्यांनी माझा रक्तदाब पुन्हा मोजला. वाढलेला होता.)

साक्षीदार दुसरे: समोरचा झेरॉक्सवाला. (याने स्पायरल आणून माझा निम्मा धंदा बुडवला, आणि मी वाचून दाखवलेल्या शेऱ्यांना तो कधी हसला नाही. म्हणून साक्षीला तोच.)

व्यवस्थापक, मान्य: डेअरीत दूध तपासणाऱ्या बाई. (सही त्यांची स्वतःची.)

ठिकाण: दुकानाची मागची खोली, दार उघडे ठेवून.

दिनांक: नऊ फेब्रुवारी, माझे वय एकाहत्तर असताना, दुपारी बारा वाजता.